न मागितलेली क्षमा

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. आजही उठले नाही. सलग पाचवा महिना. ओळीतले सगळे माझ्या गुडघ्यांवरून वाट काढत पुढे गेले, मी आपली पर्स मांडीवर घेऊन बसून. हे गेले, परत आले, माझ्याकडे न बघता बसले.

नियम काही मी केलेला नाही. मनात कुणाबद्दल अढी असेल तर आधी जाऊन मिटवा आणि मग प्रभूच्या मेजाकडे या, हे लहानपणापासून ऐकत आलेय. माझ्या मनात अढी आहे. शोभा कांबळेबद्दल आहे. समोरचं दार, सतरा वर्षांचा शेजार, बारा वर्षं एकाच कंपनीत, बसमध्ये एकाच सीटवर. आणि हिनेच शेळकेसरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की मार्थाला आता वायरचे रंग नीट दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी माझं इन्स्पेक्शनचं टेबल गेलं. आता स्टोअरमध्ये खोकी जोडते. बारा वर्षं जिच्या हिरव्या ठिपक्याशिवाय एक पीस बाहेर गेला नाही, ती खोकी जोडते. कशी जाईल अढी?

दारात पाळकसाहेबांनी हात धरला. म्हणाले, साळवेबाई, किती दिवस उपाशी राहणार? हे शेजारी उभे, स्वतःचे बूट बघत. रिक्षात म्हणाले, अगं जाऊ दे ना आता. मी म्हटलं, तुमचं काय जातंय जाऊ दे म्हणायला.

५ फेब्रु., बुधवार

बस वेळेवर. शोभा पुढे, ड्रायव्हरमागच्या एकट्या सीटवर. ऑक्टोबरपासून तिथेच बसते. बायका तिच्यासाठी जागा धरत नाहीत, कारण मी सगळ्यांना सांगितलंय की ही तोंडावर गोड आणि केबिनमध्ये चुगल्या करते. कुरुळीच्या हिराबाईने तर पिशवीच ठेवली होती सीटवर, ती बसू नये म्हणून.

मला बरं वाटतं ते बघून. लिहून ठेवते, इथे खोटं कशाला लिहू.

७ फेब्रु., शुक्र.

पाणी नाही. टँकर सातला येणार म्हणाले, आला साडेनऊला. ह्यांनी बादल्या भरल्या, अर्ध्या जिन्यात सांडल्या. हात कापतो त्यांचा हल्ली. दाखवा म्हटलं तर म्हणतात वयाचं आहे.

९ फेब्रु., रविवार

आज करूनच टाकलं.

प्रवचन प्रीतीवर होतं. पा. सा. म्हणाले, प्रीती म्हणजे मनात येणारी ऊब नव्हे, उठून करायचं काम आहे. बसल्या जागी ठरवलं की शोभाला क्षमा करायची. घरी आल्यावर मटण केलं, तिला आवडतं तसं, खोबरं जास्त भाजून. हे म्हणाले, थांब जरा, नीट विचार कर, मी बोलतो तुझ्याशी. मी म्हटलं, प्रभूच्या कामात विचार कसला. चपला घातल्या आणि निघाले. दोन पावलांसाठी चपला.

शो.ने दार उघडलं. डबा पुढे केला आणि जे पाठ केलं होतं ते बोलले. "शोभा, मी तुला क्षमा केली."

ती म्हणाली, "कशाची?"

मी म्हटलं, ते तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आता उगाळायला नको. माझ्याकडून सगळं संपलं.

तिने डब्याला हात लावला नाही. मग म्हणाली, "तू मला क्षमा केलीस. बरं. आता मी काय करू, पाया पडू तुझ्या?" आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. डबा तिच्या चपलांच्या स्टँडवर ठेवून आले.

एवढं चांगलं करायला जावं आणि वर हे ऐकून घ्यावं. ह्यांना सांगितलं तर उठून गॅलरीत गेले. मटणही नीट खाल्लं नाही.

१० फेब्रु., सोम.

सकाळी डबा आमच्या कडीला पिशवीत अडकवलेला. घासून पुसून लख्ख. आणि रिकामा.

सतरा वर्षांत ह्या दोन दारांमध्ये रिकामा डबा कधी फिरला नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. तिच्या आईच्या पुण्यानुमोदनाला ती लातूरला निघाली त्याच्या आदल्या रात्री मी खिचडी नेली होती, तर त्या गडबडीतही तिने डब्यात दोन केळी घालून परत केला होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत पा. सा.ना फोन केला. सगळं सांगितलं. आधी हसले. मला राग आला. मग म्हणाले, बाई, कुणी मागितलेली नसताना दारात नेऊन दिलेली क्षमा म्हणजे आरोपच की हो. तुम्ही तिला गुन्हेगार ठरवून वर सोडून दिलंत. बरं, तिनेच केलं हे तुम्हाला सांगितलं कुणी?

मी म्हटलं, सांगायला कशाला पाहिजे. त्या दिवशी केबिनमध्ये तीच गेली होती.

म्हणाले, विचारलंत तिला?

नाही विचारलं. पाच महिन्यांत एकदाही नाही.

१३ फेब्रु., गुरु.

स्टोअरमध्ये लाल लेबलची खोकी तपकिरीच्या थप्पीत लावली. चौदा खोकी. पोऱ्या-बिऱ्या कुणी नव्हतं बघायला, मीच पकडलं, तेही खिडकीपाशी नेल्यावर. तिथली ट्यूबलाइट मंद आहे. मेंटेनन्सला सांगायला पाहिजे.

(ट्यूबलाइट नवीन आहे. परवाच बदलली.)

आईचे डोळे असेच गेले होते. आधी रंग, मग माणसं.

१७ फेब्रु., सोम.

शेळकेसरांना गाठलं. सरळच विचारलं, सर, माझ्या डोळ्यांचं तुम्हाला शोभाने सांगितलं ना?

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, कांबळेबाईंनी? त्यांना मी अर्धा तास केबिनमध्ये बसवून विचारलं, त्यांनी तोंड उघडलं नाही. उलट मलाच म्हणाल्या, सर, टेबलावरचा दिवा बदला.

मग त्यांनी उरलेलंही सांगितलं. सप्टेंबरमध्ये दोन चुकीचे पीस कस्टमरकडे गेले, माझ्या हिरव्या ठिपक्याचे. दोन्ही अशा दिवसांचे, जेव्हा शोभा रजेवर होती, आईच्या पुण्यानुमोदनाला लातूरला. शेळकेसरांना शंका आली म्हणून त्यांनी मागचे क्रेट बघितले. माझ्या टेबलावरून ओके होऊन तिच्याकडे पॅकिंगला गेलेला प्रत्येक ट्रे ती परत तपासत होती. पीस पीस. चुकलेला निघाला की गुपचूप रिपेअरच्या क्रेटमध्ये टाकायची आणि मग पॅक करायची. वर्षभर. तिचं स्वतःचं टार्गेट मागे पडायचं ते ती जेवणाच्या सुट्टीत भरून काढायची. आणि मी तिला म्हणायचे, तू हल्ली आमच्यात जेवायला बसत नाहीस, लई भाव खातेस.

मी विचारलं, मग तुम्हाला सांगितलं कुणी?

ते मी सांगणार नाही, म्हणाले. तुमच्या भल्यासाठीच सांगितलं त्यांनी.

बसमध्ये शो.च्या मानेकडे बघत आले. हाक मारायचं धाडस झालं नाही.

१८ फेब्रु., मंगळ.

हे. ह्यांनी सांगितलं.

रात्री जेवताना शेळकेसर काय म्हणाले ते मी सांगत होते, तर ह्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, मार्था, मी गेलो होतो. पिंपरीच्या जुन्या कंपनीत असताना शेळके ह्यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणून ओळख. बसच्या पायरीवरून मी दोनदा घसरले ते ह्यांनी पाहिलं होतं. तिखटाऐवजी हळद घातलेली भाजी ह्यांनी न बोलता खाल्ली होती. म्हणाले, मोठी चूक झाली असती तर तुला घरीच बसवलं असतं, म्हणून मीच जाऊन सांगितलं की हलकं काम द्या.

आणि शोभाने ह्यांना गेटवर पाहिलं होतं. तिला ठाऊक होतं. ह्यांनी तिला हात जोडले, मार्थाला बोलू नका म्हणाले. ती म्हणाली, नाही बोलणार, तुमच्या घरात उगाच आग नको.

पाच महिने हा माणूस माझ्या शेजारी चर्चमध्ये बसला. पाच महिने मी त्याच्यासमोर शोभाला शिव्याशाप देत होते आणि तो जाऊ दे, जाऊ दे म्हणत होता. मी ताट उचलून ठेवलं. काय काय बोलले ते लिहीत नाही.

२१ फेब्रु., शुक्र.

ह्यांच्याशी अबोला. फ्रिजवर चिठ्ठी लिहिते, दूध आणा. ते खाली लिहितात, आणलं. लेक मारुंजीहून फोनवर म्हणाली, आई, तुमचं हे काय चाललंय, आमच्या ऑफिसातपण असंच चालतं, पण तिथे पगार मिळतो. हसू आलं, दाबलं.

आधी एका माणसाशी समेट करायचा होता. आता दोघांशी. आणि खरं बघायला गेलं तर क्षमा माझ्याकडे मागायला कुणीच येणार नाहीये, मलाच मागायला जायचंय.

२३ फेब्रु., रविवार

चर्चहून आले ती सरळ शो.कडे. मटण नाही, डबा नाही. दारातच म्हटलं, शोभा, माझं चुकलं. मला सगळं कळलं. ट्रेचं पण आणि ह्यांचं पण. आणि रडले. लाजबिज काही वाटली नाही.

तिने आत बोलावलं. पाणी दिलं. चहा नाही विचारला. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण मी ते सोयीने विसरेन. "चुगलखोर म्हणालीस ते भर बसमध्ये, तीस बायकांसमोर. आणि माफी मागतेस माझ्या घरात, दार लावून. पाच महिने मी त्या पुढच्या सीटवर बसते, मार्थे. मला गाडी लागते तिथे, ते तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. बारा वर्षं आम्ही म्हणूनच मागच्या सीटवर बसायचो, खिडकीपाशी ती.

२ मार्च, रविवार

पहिला रविवार. बसून राहिले. ह्या वेळी कारण खरं होतं. दुसऱ्याचा दोष धरून नाही, स्वतःचा घेऊन बसले.

ओळ उठली. हे उठले नाहीत. मी कोपराने ढोसलं, जा की. तर हळूच म्हणाले, मी तरी कुठल्या तोंडाने जाऊ. मग आम्ही दोघं म्हातारी आख्ख्या बाकावर एकटी बसून राहिलो. सगळी मंडळी बघत होती. मला अचानक हसूच फुटलं, ह्यांनाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. घरी येऊन ह्यांना म्हटलं, तिखटाऐवजी हळद घातलेली भाजी पूर्ण खाल्लीत? म्हणाले, वाईट नव्हती तशी.

६ मार्च, गुरु.

डोळ्यांच्या दवाखान्यात. हे बळेच घेऊन गेले. बाहेर बाकावर बसून मी आईचा विचार करत होते, शेवटी ती माझा चेहरा चाचपून ओळखायची.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईसारखं नाही, काचबिंदू नाही, पडदा चांगला आहे. ऑपरेशन केलं की स्वच्छ दिसेल. मी तीनदा विचारलं, नक्की? तिसऱ्यांदा त्या वैतागल्या.

जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच प्रार्थना केली. दीड वर्ष घाबरून कुणाला बोलले नाही, आणि त्या घाबरण्याची शिक्षा शोभाने भोगली. तारीख २६ मिळाली.

११ मार्च, मंगळ.

आज बसमध्ये बोलायचं ठरवलं होतं. मोशी सुटली, चिंबळी फाटा गेला, कुरुळीला हिराबाई चढली, निघोजे आलं. तोंड उघडलं नाही. काल पण असंच. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं होतं. माझे दोन झाले.

अवघड काय आहे हेही मला कळतं. शोभाची माफी मागणं अवघड नाही. ह्या बायका मला मोठी देवभोळी, सरळ बाई समजतात, ते जाईल, हे अवघड आहे.

१७ मार्च, सोम.

बोलले.

कुरुळीच्या पुढे ट्रॅफिक. बस जागेवर उभी. वरचा दांडा धरून मधोमध उभी राहिले. म्हटलं, बायांनो, दोन मिनिटं. शोभाबद्दल मी तुम्हाला जे सांगितलं ते खोटं होतं. तिने कुणाकडे चुगली केली नाही. माझे डोळे खराब झालेत, माझ्या चुका ती वर्षभर निस्तरत होती, आणि मी काही न विचारता तिचं नाव घेतलं. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

मग हिराबाई म्हणाली, "म्हंजी आमी तुझं ऐकून त्या बाईला पाच म्हैने जागा दिली न्हाई व्हय? आता आमी कुठं तोंड लपवायचं?" बरोबर बोलली. मग तिने सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शोभाला हाक मारली. शो. हलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

गेटवर उतरल्यावर ती माझ्या जवळून जाताना एवढंच म्हणाली, हळू बोलता येत नाही तुला कधी.

तरी सांगते, छाती मोकळी झाली. दिवसभर खोकी जोडताना गाणं गुणगुणत होते. देवभोळी बाई गेली ती गेली.

१९ मार्च, बुध.

शो. आज हिराबाईशेजारी बसली होती. खिडकीपाशी. मी तिच्या मागे, तीन सीट सोडून. ठीक आहे.

२८ मार्च, शुक्र.

मोठ्या अक्षरात लिहितेय. लिहू नको म्हणालेत. एक डोळा झाला परवा. दुखलं नाही.

ड्रॉप दिवसातून सहा वेळा. ह्यांचा हात कापतो, थेंब नाकावर, गालावर, उशीवर, एकदा कानात. आम्ही दोघं हैराण. लेकीला रजा नाही. संध्याकाळी अर्धी बाटली अशीच वाया गेल्यावर हे बाहेर गेले, मला वाटलं मेडिकलमध्ये. तर समोरचं दार वाजवल्याचा आवाज आला.

शोभा पदराला हात पुसत आली. हात साबणाने धुतले, खुर्ची खिडकीपाशी ओढली, माझी हनुवटी धरून वर केली. एक थेंब, बरोबर डोळ्यात. ह्यांना म्हणाली, भाऊजी, वेळा लिहून द्या मला. आणि गेली.

१ एप्रिल, मंगळ.

रोज येते. पहाटे बसच्या आधी, मग शिफ्टवरून आल्यावर पर्स खांद्यालाच, मग संध्याकाळी दोनदा. ती कंपनीत असते तेव्हाचे दोन थेंब वरच्या मजल्यावरची नर्स देते, तेही शो.नेच ठरवलं. मी बोलायला गेले की म्हणते, हलू नको.

आज तिला खरंच नीट पाहिलं. केसांच्या मुळाशी पांढरं. कपाळावर आडव्या रेषा, तीन. साडी तपकिरी, काठ लाल. तपकिरी वेगळा आणि लाल वेगळा. म्हटलं, शोभा, तुझा काठ लाल आहे. ती म्हणाली, चार वर्षं लालच आहे.

मी वचनं पाठ करणारी बाई. ही पंचशील म्हणते, आमच्या पा. सा.चं एक प्रवचन तिने ऐकलेलं नाही. आणि त्यांनी सांगितलेलं उठून करायचं काम हीच करतेय. मला लाज वाटते आणि आनंदही होतो, दोन्ही एकदमच.

५ एप्रिल, शनि.

उद्या पहिला रविवार. पा. सा. फोनवर म्हणाले, तुमच्या बाजूने जे करायचं ते तुम्ही केलंत, या मेजाकडे. हे म्हणतात, तू उठलीस तर मी उठेन. मी अजून ठरवलेलं नाही. माझ्या बाजूने झालं, पण बाजू दोन असतात ना.

संध्याकाळी शो. आली. हात धुतले. खुर्ची ओढली. हे मुद्दाम गॅलरीत गेले. ती बाटलीचं झाकण उघडत होती तेव्हा शेवटी विचारलंच. "शोभा, राग गेला का गं?"

तिने माझी हनुवटी धरून वर केली. "नाही," म्हणाली. "वर बघ. आणि डोळा मिटू नको."